वोबर्न पार्कचं गवती विमानतळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळांबद्दल वाचणाऱ्यांना लढाऊ तळांची नावं तोंडपाठ असतात. विमानं नुसती ठेवायला म्हणून जे तळ उभे राहिले, त्यांच्याकडे मात्र फारसं कोणी बघत नाही. वोबर्न पार्क हा त्यातलाच एक. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हे विमानतळ आहे तरी कुठे?

इंग्लंडच्या बेडफर्डशर परगण्यात, लंडनच्या वायव्येला. वोबर्न ॲबी हा ड्यूक ऑफ बेडफर्ड घराण्याचा पिढीजात वाडा. त्याभोवती हजारो एकरांचं, जुन्या ओक वृक्षांचं हरीणपार्क आहे. युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलानं या पार्काचा एक भाग ताब्यात घेऊन तिथं गवती धावपट्टी आखली. कागदोपत्री नाव होतं ‘३४ क्रमांकाचं सॅटेलाइट लँडिंग ग्राउंड’, म्हणजे मोठ्या तळाला जोडलेलं उतरायचं मैदान. त्यात काँक्रीट नव्हतं, उंच मनोराही नव्हता. वरून बघणाऱ्याला श्रीमंताची बाग दिसावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती.

युद्ध पेटलेलं असताना विमानं उडवायची सोडून साठवायची कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो रास्तच आहे. कारखान्यातून निघालेलं विमान थेट लढाईवर जातं, असं आपल्याला वाटतं. तसं होत नसे. कारखाना विमान बांधून द्यायचा, ते पुढे मेंटेनन्स युनिटकडे जायचं. ही युनिटं हवाई दलाच्या ४१ क्रमांकाच्या ग्रुपखाली चालत. तिथं मशिनगन, रेडिओ आणि त्या-त्या कामापुरती लागणारी इतर उपकरणं बसवायची, इंजिनं तपासायची, कागदपत्रं पुरी करायची आणि स्क्वॉड्रनकडून मागणी आली की विमान रवाना करायचं. मधल्या काळात ते कुठेतरी उभं राहणारच.

१९४० च्या मे महिन्यात विमान उत्पादनासाठी वेगळं मंत्रालय निघालं आणि लॉर्ड बीव्हरब्रुक त्याचे मंत्री झाले. त्यांनी कारखान्यांना असं काही पळवलं की विमानांचा ओघ वाढला आणि ठेवायची जागा अपुरी पडायला लागली. शिवाय राखीव साठा हाताशी असणं हीच युद्धातली खरी ताकद. आज दहा विमानं पडली तर उद्या सकाळी दहा हजर करता आली पाहिजेत. लढाईच्या गोष्टी सांगताना वैमानिकाचं शौर्य सांगितलं जातं, ते बरोबरच आहे. पण त्याच्या पडलेल्या विमानाच्या जागी दुसरं कुठून आलं, हे विचारलं की गोष्ट अशा गवताळ माळांवर येऊन पोहोचते.

मग मोठ्या हँगरमध्ये का नाही ठेवली?

ठेवत होतेच, आणि त्याची किंमतही मोजली. १६ ऑगस्ट १९४० ला ऑक्सफर्डजवळच्या ब्राइझ नॉर्टन तळावर दोन जर्मन युंकर्स ८८ विमानं आली. त्यांनी उतरायला आल्यासारखी चाकं खाली सोडली होती, त्यामुळे ती आपलीच वाटली, असं सांगतात. हँगरमध्ये प्रशिक्षणाची ऑक्सफर्ड विमानं टाक्या भरून, एकमेकांना खेटून उभी होती. बॉम्ब पडताच ती पेटली आणि काही मिनिटांत ४६ विमानांची राख झाली. त्याच तळावरच्या मेंटेनन्स युनिटमधल्या ११ हरिकेन लढाऊ विमानांनाही झळ लागली. दोन विमानांनी एका फेरीत केलेलं हे नुकसान आहे.

साठा पांगवायला हवा, हे आधीपासून कळत होतंच. या हल्ल्यानंतर ते वळायलाही लागलं. प्रत्येक मेंटेनन्स युनिटला जवळपासची एक-दोन किंवा जास्त गवती मैदानं जोडून द्यायची, विमानं तिथं झाडाझुडपांत ठेवायची आणि मैदान विमानतळ वाटणारच नाही अशी काळजी घ्यायची, अशी योजना ठरली. १९४१ पासून ही मैदानं वापरात येऊ लागली. क्रमांक सुमारे ५० पर्यंत गेले.

वोबर्नच का निवडलं?

जहागीरदारांची पार्कं या कामाला आयती तयार होती. सपाट कुरण, कडेला दाट जुनी झाडं, भोवती कुंपण, आत यायला मोजकी फाटकं आणि एकच मालक. शेतजमीन घेतली की पीक बुडतं आणि अन्नधान्याची टंचाई होतीच. पार्कात फार तर हरणांची गैरसोय. युद्धकाळातल्या कायद्यानं सरकारला जमीन ताब्यात घ्यायचा अधिकार होता, त्यामुळे ड्यूकच्या होकार-नकाराला तसा फारसा अर्थ नव्हता.

तिथं युद्धाच्या आधीपासून विमानं उतरत होती म्हणे?

हो, आणि ती उतरवणारी व्यक्ती पासष्टीतली होती. अकराव्या ड्यूकची पत्नी मेरी, डचेस ऑफ बेडफर्ड. जन्म १८६५ चा. तिला ऐकू कमी यायचं आणि कानात सतत घणघण चालायची. विमानात बसलं की कानाला बरं वाटतं, असा तिला अनुभव आला, आणि वयाच्या साठीच्या आसपास तिला उडायचा नाद लागला. वोबर्नच्या पार्कात तिनं स्वतःच्या विमानांची सोय करून घेतली.

आपल्या वाचकांसाठी यातला एक धागा जवळचा आहे. ऑगस्ट १९२९ मध्ये कॅप्टन बार्नर्ड यांच्यासोबत ‘स्पायडर’ नावाच्या फोकर विमानातून ती इंग्लंडहून कराचीला गेली आणि परत आली, तेही आठ दिवसांत. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. पुढच्या वर्षी केपटाऊनची वारी झाली. मग ती स्वतः एकटी विमान चालवायला लागली. २२ मार्च १९३७ ला, वयाच्या ७१ व्या वर्षी, एकटीनं उडवण्याचे २०० तास पुरे करायला म्हणून ती वोबर्नहून निघाली आणि परतली नाही. विमानाचे अवशेष उत्तर समुद्राच्या किनाऱ्याला लागले. तिचा देह मात्र कधीच मिळाला नाही.

हवाई दलाचं मैदान हे तिच्या धावपट्टीचं सरळ वाढवलेलं रूप, असं कोणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. तिच्या हलक्या मॉथ विमानाला लागणारी जागा आणि चार इंजिनांच्या बॉम्बरला लागणारी जागा यांत फार अंतर आहे.

विमानं झाडांत लपवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

विमान उतरलं की ट्रॅक्टर जोडून ते झाडांच्या कडेला ओढत न्यायचं. पंख फांद्यांखाली जातील असं मागे सरकवायचं, फांद्या कमी पडल्या तर वर जाळी ताणायची. इंजिनांवर आणि कॉकपिटवर कापडी खोळी चढवायच्या. ओल शिरू नये, पाखरांनी घरटी करू नयेत, म्हणून सगळी तोंडं बंद करायची. अधूनमधून माणसं येऊन इंजिनं फिरवून बघणार, टायरमधली हवा पाहणार.

लपवाछपवीतला सगळ्यात मोठा वैरी होता गवतावरचा माग. टेहळणी विमानातून काढलेल्या फोटोत झाडाखालचं विमान दिसणार नाही, पण धावपट्टीपासून त्याच झाडाकडे रोज जाणारी चाकोरी उमटलेली असली तर जर्मन फोटो-तज्ज्ञाला आणखी काही सांगायची गरजच नाही. म्हणून एकाच वाटेनं पुन्हापुन्हा विमान ओढायचं नाही, चिखल झाला असेल तर काम थांबवायचं, वापर नसताना मैदानावर जनावरं चरू द्यायची. काही ठिकाणी जमिनीवर कुंपणाच्या रांगांसारखे गडद पट्टे रंगवत, म्हणजे एका सलग मैदानाऐवजी चार-पाच शेतं दिसावीत.

इमारतींचाही असाच बनाव. कचेरी म्हणजे शेतावरचा बैठा बंगला वाटावा अशी. रॉबिन नावाचं एक छोटं हँगर असे, त्याला घराचं नाहीतर गोठ्याचं रूप देत. जागोजागच्या अशा मैदानांत यातल्या काही इमारती इतक्या बेमालूम जमल्या की युद्धानंतर लोक खरंच त्यांत राहायला गेले.

म्हणजे हे नकली विमानतळ होतं का?

नाही. ही गल्लत फार होते. कर्नल जॉन टर्नर यांच्या खात्यानं शत्रूला फसवायला खोटे तळ उभारले होते: दिवसा दिसायला फळ्या-कापडाची विमानं, रात्री दिसायला धावपट्टीचे दिवे. त्या विमानांचे सांगाडे बनवायला सिनेमा स्टुडिओतले कारागीर लावले होते. तिथं शत्रूनं बघावं आणि बॉम्ब टाकावा अशी इच्छा. वोबर्नसारख्या ठिकाणी नेमकं उलट.

गवतावर एवढं जड विमान रुतायचं नाही?

पावसात रुतायचं. इथं साठवलं जाणारं स्टर्लिंग हे चार इंजिनी बॉम्बर रिकामं असतानाही सुमारे २१ टन भरायचं. गवती मैदानाला निचरा चांगला लागतो; तो नसेल तर हिवाळ्याचे कित्येक महिने मैदान बंद ठेवावं लागे आणि बरीच ठिकाणं तशी बंद राहतही. उपाय म्हणून काही मैदानांवर लोखंडी तारेची जाळी अंथरून सळयांनी जखडत. ही सॉमरफेल्ड जाळी कुर्ट सॉमरफेल्ड या जर्मनीतून इंग्लंडला आलेल्या इंजिनियरनं काढलेली. गवत तिच्यातून वर येतं, त्यामुळे ती फारशी दिसत नाही.

आपल्याकडे ही अडचण वेगळी सांगायला नको. १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल आणलं ते जुहूच्या मोकळ्या मैदानावर. पावसाळ्यात जुहूला पाणी भरायचं, म्हणून ती टपालसेवा पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलवावी लागे. टाटांचं ते पस मॉथ हे चिमुकलं विमान होतं. त्याची ही कथा, तर बॉम्बरची काय असेल!

विमानं इथं आणून कोण सोडायचं?

बहुतेक वेळा एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलिअरीचे वैमानिक, म्हणजे ‘एटीए’वाले. ही बिगरलष्करी संघटना होती. वयानं, चष्म्यानं किंवा अपंगत्वानं हवाई दलानं नाकारलेले, पण उडवायला पक्के असे लोक तिच्यात होते. एक हात आणि एक डोळा गमावलेले एक गृहस्थही त्यांत होते. आणि होत्या १६८ महिला. प्रसिद्ध वैमानिक एमी जॉन्सन ५ जानेवारी १९४१ ला असंच एक ऑक्सफर्ड विमान पोहोचवायला निघाली आणि टेम्सच्या मुखाशी बुडून गेली. १९४३ मध्ये या संघटनेनं महिलांना पुरुषांइतका पगार द्यायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये तेव्हा ही अपूर्वाईची गोष्ट होती.

ही मंडळी रेडिओशिवाय, खाली बघत, नद्या आणि रेल्वेचे रूळ यांच्या आधारानं जायची. कधी न चालवलेलं विमान हातात आलं तर खिशातली छोटी टिपणवही काढायची, त्या विमानाचं पान उघडायचं, वाचायचं आणि निघायचं. आता विचार करा: विमानतळ वाटू नये म्हणून जिवापाड खटपट करून सजवलेलं मैदान नकाशावरून शोधायचं आणि त्यावर उतरायचं. लपवणाऱ्यांचं काम जितकं फक्कड, तितकं यांचं अवघड. मोठ्या चार इंजिनी विमानांसाठी एटीएच्या ११ महिला पात्र ठरल्या. त्यात पहिली लेटिस कर्टिस. विमान पोहोचवून झालं की न्यायला ॲन्सन विमानाची टॅक्सी येई.

वोबर्नचं नाव स्टर्लिंग विमानाशीच का जोडलं जातं?

कारण इथं साठवली आणि शेवटी तोडली गेली ती मुख्यतः स्टर्लिंग. हे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात दाखल झालेलं पहिलं चार इंजिनी मोठं बॉम्बर, शॉर्ट ब्रदर्स कंपनीचं. ऑगस्ट १९४० मध्ये ते ७ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनकडे आलं आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये रॉटरडॅमच्या तेलसाठ्यावर पहिली मोहीम झाली. लांबलचक चाकदांड्यांमुळे जमिनीवर उभं असताना वैमानिकाची जागा जवळजवळ ७ मीटर उंचीवर असायची.

या विमानाचं नशीब पंखांनी ठरवलं. पंखांची लांबी १०० फुटांच्या आत ठेवली होती. हँगरच्या दारातून जावं म्हणून, असं सर्रास सांगतात; पण त्या काळी बांधल्या जाणाऱ्या नव्या हँगरची दारं याहून रुंद होती. वजन आटोक्यात ठेवायचं होतं, हे कारण मला जास्त पटतं. काहीही असो, आखूड पंखांमुळे स्टर्लिंग चपळ होतं पण उंच जाऊ शकत नव्हतं. लँकास्टर आणि हॅलिफॅक्स ही दुसरी ब्रिटिश बॉम्बर वरून जात, स्टर्लिंग खालून, आणि जमिनीवरच्या तोफांचा मारा आधी त्याच्या वाट्याला. लँकास्टर भरपूर मिळायला लागल्यावर स्टर्लिंग बॉम्बफेकीतून हळूहळू मागे घेतलं. सप्टेंबर १९४४ मध्ये ते काम पूर्ण थांबलं.

पण ते निकामी झालं नाही. ग्लायडर ओढणं, छत्रीधारी सैनिक सोडणं, नॉर्मंडी, आर्नहेम, सगळीकडे ते होतं. शेवटचा मार्क ५ हा प्रकार तर निव्वळ माणसं आणि माल वाहायला बनवला आणि युद्धानंतर तो थेट हिंदुस्थानापर्यंत फेऱ्या करत होता. घोळ असा झाला की युद्ध संपलं तरी बांधणी चालू होती. त्यातली काही विमानं कारखान्यातून निघाली ती सरळ साठ्यात गेली.

त्या वेळी वाड्यात कोण राहायचं?

अळीमिळी गुपचिळी! शत्रूविरुद्ध गुप्त प्रचार करणाऱ्या पोलिटिकल वॉरफेअर एक्झिक्युटिव्हचा मुक्काम वोबर्नला होता. जवळच्या ब्लेचली पार्कात सांकेतिक संदेश फोडण्याची यंत्रं चालवणाऱ्या नौदलाच्या मुलीही वाड्यात राहत. एका कुंपणात इतकी गुपितं, आणि शेजारच्याला काय चाललंय ते विचारायची सोय नाही.

आणि हरणांचं काय झालं?

बागेतलं कुतूहल म्हणून विचारतात, पण हा प्रश्न साधा नाही. वोबर्नच्या कुरणात ‘मिलू’ नावाची चिनी हरणं होती. १८६५ मध्ये फादर आर्मां दाविद या फ्रेंच मिशनऱ्यानं ती पेकिंगजवळच्या बादशाही शिकारखान्यात पाहिली, म्हणून युरोपात त्यांना त्याचंच नाव पडलं. पुढे तिथल्या पुरानं भिंत फुटली, बरीच हरणं निसटली आणि भुकेल्या लोकांनी मारून खाल्ली. उरलेली १९०० च्या बॉक्सर बंडाच्या धामधुमीत गेली. अकराव्या ड्यूकनं युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांतून १८ हरणं गोळा करून वोबर्नला आणली. आज जगात जे काही मिलू आहेत ते सगळे या कळपाचे वंशज.

आता दुसऱ्या महायुद्धातलं दृश्य बघा. सगळी जात एकाच कुरणात, आणि त्याच कुरणात हवाई दलाचा साठा, म्हणजे शत्रूला कळलं तर हमखास लक्ष्य. विमानं पांगवायचं शहाणपण हरणांच्या बाबतीत यायला उशीर झाला. युद्धाच्या शेवटीशेवटी काही पाडसं व्हिप्सनेडच्या प्राणिसंग्रहालयात पाठवली, नंतर इतर देशांत. १९८५ मध्ये वोबर्नचा एक कळप चीनमध्ये, पेकिंगच्या त्याच जुन्या शिकारखान्याच्या जागी परत गेला. माझ्या मते या मैदानाच्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट स्टर्लिंगची नव्हे, ही आहे.

साठवलेल्या स्टर्लिंगचं पुढे काय झालं?

युद्ध संपल्यावर लपवायची गरज उरली नाही. विमानं पार्कात उघड्यावर उभी राहिली आणि भंगारवाले आले. इंजिनं, टायर, उपकरणं काढून घ्यायची, मग सांगाडा कुऱ्हाडी आणि गॅस-कटरनं तोडायचा आणि पत्रा वितळवून ॲल्युमिनियमच्या लाद्या ओतायच्या. चार इंजिनांच्या बॉम्बरला नागरी कामात गिऱ्हाईक जवळपास नव्हतंच. मार्क ५ प्रकारची मोजकी विमानं बेल्जियमच्या एका वाहतूक कंपनीनं घेतली, तेवढाच अपवाद.

त्या वेळी ब्रिटनमध्ये भंगारातल्या ॲल्युमिनियमला एक चांगला उपयोग सापडला होता. बॉम्बनं बेघर झालेल्यांसाठी ‘एअरोह’ नावाची ॲल्युमिनियमची तयार घरं विमानांच्या कारखान्यांतच बनू लागली. चार तुकड्यांत लॉरीवरून यायची आणि जागेवर जोडायची. अशी ५४ हजारांहून जास्त घरं उभी राहिली. कुठल्या घरात कुठल्या विमानाचा पत्रा, हे आता देवालाच माहीत.

एकही स्टर्लिंग उरलं नाही?

पूर्ण असं एकही नाही. २,३०० हून जास्त बांधली होती. ब्रिटनमध्ये हौशी लोकांचा एक गट सापडलेल्या भागांवरून आणि जुन्या नकाशांवरून पुढचा भाग नव्यानं घडवतोय.

अशी बाकीची ठिकाणं कोणती?

वेल्समधल्या चेपस्टोचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, लिव्हरपूलजवळचं नोझली पार्क, स्टॅफर्डशरमधलं टेड्सली पार्क, स्कॉटलंडमधलं लेनॉक्सलव्ह, ही काही. नोझली आणि वोबर्न या दोन्ही ठिकाणी पुढे सफारी पार्क झालं: वोबर्नला १९७० मध्ये, नोझलीला १९७१ मध्ये. कुंपण, कुरण आणि वारसाकर भरायच्या चिंतेतला जहागीरदार, हा मेळ दोन्हीकडे होता.

आज तिथं गेलं तर काय दिसतं?

विमानतळ शोधायला गेलात तर हिरमोड होईल, कारण तो दिसू नये म्हणूनच बांधला होता. हरणं, ओक वृक्ष आणि लांबवर पसरलेलं कुरण दिसेल. ग्रीनसँड रिज वॉक ही पायवाट पार्कातून जाते, तिच्यावरून चालताना जमिनीचा सपाटपणा आणि कडेच्या झाडांची रांग नीट बघा. निवड का झाली ते ध्यानात येतं. १९८० पासून डी हॅविलंड मॉथ क्लबनं इथं उन्हाळी मेळावे भरवले. त्यांत जुनी दोन पंखी मॉथ विमानं पुन्हा याच गवतावर उतरली. बॉम्बरपेक्षा डचेसच्या काळाशी त्यांचं नातं जास्त जवळचं.

जमिनीत विमानाचा तुकडा सापडला तर उचलून आणता येईल का?

नाही. जमीन खासगी आहे, मालकाच्या परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर फिरवणं किंवा खणणं बेकायदा ठरतं. कोसळलेल्या लष्करी विमानांच्या अवशेषांना ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याचं वेगळं संरक्षण आहे. भंगारात तोडलेल्या विमानाचा तुकडा त्या कायद्यात बसत नाही, पण हातातला पत्रा यातला कुठला हे जागेवर कळत नाही. फोटो काढा, तुकडा आहे तिथेच ठेवा आणि इस्टेटच्या कार्यालयाला कळवा.